मालकांशीच बोलायचंय

"सर, आपली जन्मतारीख सांगाल का?"

"एक जून," मी म्हणालो.

मी बाई माणूस. पण त्या दुपारी फोनवर मी शामराव रामू लोंढे होते, म्हणून म्हणालो. खरे शामराव, म्हणजे आमचे मालक, दोन वर्षांपूर्वीच गेले होते. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची रीत आहे.

"आणि साल, सर?"

"सत्तेचाळीस."

पलीकडची मुलगी खुदकन हसली. "सर, सकाळपासून मला सगळे एक जूनचेच फोन येतायत. तुमच्याकडं दुसऱ्या दिवशी कुणी जन्मत नाही का?"

"जन्मतात की. पण शाळेत घालायच्या वेळी घरात कुणाला तारीख आठवत नव्हती. मग मास्तर सगळ्यांना एकच वाटायचे."

हे खरंच होतं. मालकांची तारीख अशीच मास्तरांनी दिलेली. माझी तर त्याहून ताजी. मी साठी ओलांडल्यावर रात्रीच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "कृष्णाबाई, तुमची जन्मतारीख काय घालू?" मी म्हटलं, "मालकांचीच घाला. घरात एक आहे ती दोघांना पुरंल."

त्या वर्गात आम्ही सगळ्या नातवंडं असलेल्या बाया. पहिल्याच दिवशी बाईंनी सवयीनं सांगितलं, की मधे बाहेर जायचं असेल तर करंगळी वर करायची. जी हसायला लागलो आम्ही, तो सगळा तास हसण्यात गेला. ती करंगळी पुढं कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. ते येईलच पुढं.

तर हा सगळा उद्योग माझ्या सुनेसाठी चालला होता.

मिरजेत मंडईच्या मागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. प्रदीपनं, माझ्या मुलानं, सांगली रस्त्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. शनिवारी सकाळी टेम्पो येणार होता आणि शनिवारीच खोल्यांची किल्ली घरमालकाला द्यायची होती. प्रदीप बँकेत कारकून. नेमकं त्याच आठवड्यात बँकेनं त्याला कोल्हापूरला प्रशिक्षणाला पाठवलं. जाताना त्यानं तोंड पाडलं होतं, पण बॅग फार लवकर भरली होती. खोकी बांधायला राहिलो आम्ही दोघी, मी आणि उज्ज्वला. नातवंडं तिच्या माहेरी धाडली होती.

उज्ज्वला लग्नाआधीपासून एका दवाखान्यात बिलांचं काम करायची. मुलांच्या पाठी ते सुटलं. आता एवढ्या वर्षांनी तिला पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम मिळालं होतं. घरी बसून, कॉम्प्युटरवर दवाखान्यांची बिलं तपासायची. त्यांची अट एकच. सोमवारी दहाला तारेचं इंटरनेट चालू पाहिजे. नसेल तर काम पुढच्या बाईला. त्या बाईचं नावसुद्धा तिला कळवलं होतं. सातारची कुणीतरी होती. उज्ज्वला त्या सातारच्या बाईचं नाव दिवसातून चार वेळा घ्यायची, आपण सवतीचं घेतो तसं.

नव्या इमारतीत एकाच कंपनीची वायर आलेली होती, आणि नशिबानं आमच्या घरातला फोन आणि नेटही त्याच कंपनीचं. नवं कनेक्शन मागितलं तर रांग मोठी. जुनं तिथं हलवायचं म्हटलं तर दोन दिवसांचं काम. म्हणून उज्ज्वलानं शुक्रवारी जेवण झाल्यावर कंपनीला फोन लावला. थोडं बोलली आणि फोन ठेवून कपाळाला हात लावून बसली.

"काय झालं गं?"

"त्या म्हणतात, ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांच्याशीच बोलणार. अण्णांशी."

"मग सांगायचं की, ते गेले म्हणून."

"गेले म्हटलं की दाखला, वारस, अर्ज. पंधरा दिवस. ह्यांनी मागंच विचारून ठेवलंय. मला म्हणाले, रीतसर माझ्या नावावर करून घेऊ, घाई कशाला."

"मग तू काय सांगितलंस?"

"बाहेर गेलेत म्हटलं. येतील."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. खोलीत बांधलेली खोकी, गुंडाळलेल्या गाद्या आणि मधोमध जमिनीवर तो फोन.

"आण इकडं," मी म्हटलं. "आलेत म्हणून सांग."

आता माझ्या आवाजाचं सांगायला पाहिजे. चाळीस वर्षं मी मंडईत आलं-लसूण, मिरची-कोथिंबीर विकली. ओरडून ओरडून आवाजाचं पार भांडं झालं. फोनवर मला सगळे काका म्हणतात. रेशनच्या दुकानातला तर एकदा पैलवान म्हणाला होता. त्यामुळं आवाजाची भीती नव्हती.

एक जूनवर पास झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "आता एक सुरक्षेचा प्रश्न, सर. आपला आवडता पदार्थ कोणता?"

हे कनेक्शन घेतलं तेव्हा कंपनीचा माणूस मालकांसमोर बसून सगळं भरून घेऊन गेला होता. मी तेव्हा मंडईत होते. पण ह्यात विचार करण्यासारखं काय होतं? मालकांना जन्मभर मीच रांधून घातलं होतं.

"भरलं वांगं," मी छाती काढून सांगितलं.

"नाही, सर."

"नाही?"

"इथं दुसरं आहे."

"अहो, भरलं वांगंच असणार. नीट बघा."

"सर, तुमचाच आवडता पदार्थ आहे," मुलगी म्हणाली. "तुम्हालाच माहीत पाहिजे."

उज्ज्वलानं ओठ हलवून सांगितलं, "तांबडा रस्सा." तेही सांगून बघितलं.

"नाही, सर. आता शेवटची संधी. नाही जुळलं तर खातं चोवीस तास बंद होईल."

चोवीस तासांनी घराला कुलूप लागणार होतं. उज्ज्वलाचा चेहरा उतरला. सातारची ती बाई मला दारात येऊन उभी राहिल्यासारखी वाटायला लागली. मी डोळे मिटले आणि मालकांचा विचार करायला लागले. मला जे खरं वाटत होतं ते नाही, तर मी समोर नसताना ते जे खरं बोलले असतील ते.

त्यांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी सगळं बंद केलं होतं. मी चहात चिमूटभर घालू द्यायची नाही, सणाला पोळीसुद्धा अर्धी द्यायची. आणि हे रोज संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला पाय मोकळे करायला जायचे. परत आले की आधी मोरीत जाऊन तोंड धुवायचे. मी म्हणायची, केवढा स्वच्छ माणूस. टॉवेल मात्र मिशीला चिकटून चिकटून कडक झालेला असायचा.

"जिलेबी," मी दातओठ खाऊन म्हणाले.

"बरोबर, सर!"

"बरोबर? जिलेबी बरोबर?" माझा आवाज चढला. "परक्या माणसाला खरं सांगितलं, आणि घरात…"

"सर?"

"काही नाही. पुढं बोला."

"आई, जमलं!" उज्ज्वला ओरडली.

"सर, मागून कुणी आई म्हणतंय का?"

"सून आहे. घर हलवायचंय ना, तिला तिची आई आठवतीय."

"ओह. त्यांना माझा नमस्कार सांगा. कृपया लाईनवर राहा."

मग सतार लागली. मिरजेच्या माणसाला लाईनवर बसवून सतार ऐकवायची म्हणजे मंडईतल्या बाईला मिरची विकायचा प्रकार. शेजारच्या गल्लीत जन्मभर मी सतारी घडताना बघितल्या आहेत. तार जरा उतरलेली होती, ते मी मुलगी परत आल्यावर तिला सांगितलंही. ती म्हणाली, "तुमचा अभिप्राय नोंदवते, सर."

मग तिनं नवा पत्ता घेतला. मजला, खोली नंबर, खुणेची जागा. मला तेवढ्यात सवयीनं सुचलं. आयुष्यभर गिऱ्हाइकाला मी वर मूठभर कढीपत्ता घातलाय, कंपनीनं काहीच घालायचं नाही?

"वर काय घालणार?" मी विचारलं.

"म्हणजे, सर?"

"एवढी वर्षं तुमचं गिऱ्हाईक आहे. वर काहीतरी घालाल की नाही?"

ती पुन्हा हसली. राउटर नवीन द्यायचं कबूल केलं. राउटर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण वर मिळतंय म्हटल्यावर मी नाही म्हणाले नाही.

सगळं असं गोडीत चाललेलं असताना ती म्हणाली, "मग रविवारी चारच्या सुमाराला आमचा माणूस येईल, सर. तेव्हा मशीनवर तुमचा अंगठा लागेल. घरी असाल ना?"

"माझा अंगठा?"

"कनेक्शन तुमच्या नावावर आहे ना, सर. जागा बदलली की मालकाचा अंगठा परत घ्यायचा, असा नवा नियम आलाय."

उज्ज्वलानं ओढणीचं टोक तोंडात धरलं. माझी नजर समोरच्या खोक्याकडं गेली. सगळ्यात वर मालकांचा फोटो ठेवला होता, चंदनाच्या हारासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"रविवारी मी नसतो," मी म्हणाले. "बाहेरगावी असतो."

"मग सोमवारी सकाळी लवकर?"

"सोमवारी पण तिकडंच."

"सर, तुम्ही परत कधी येणार?"

"ते आता आमच्या हातात राहिलेलं नाही, पोरी."

पलीकडं नुसते बटणांचे आवाज. मला वाटलं, संपलं. उज्ज्वलानं डोळे मिटून घेतले होते.

मग ती मुलगी हळू आवाजात, जरा घरच्यासारखी बोलली. "सर, असं करू या का? घरातल्याच कुणाच्या तरी नावावर करून द्या. तुमची तोंडी संमती मी आत्ता रेकॉर्ड करून घेते. मग अंगठा त्यांचा चालेल. कोणाच्या नावावर करू?"

उज्ज्वला फोनला कान लावून बसली होती, तिला ते ऐकू गेलं. तिनं खोक्यावर बोटानं लिहून दाखवलं. प्रदीप. मग परत, मोठ्या अक्षरात. प्रदीप. मला आता वाचता येतं हे ती विसरत नाही, पण वेळप्रसंगी मोठं लिहिते.

"थांब पोरी, इथं आवाज नीट येत नाही," मी म्हणाले, आणि फोन उचलून, वायर ओढत आत स्वयंपाकघरात गेले. दार लोटून घेतलं. फळ्या रिकाम्या होत्या. डबे उचललेल्या जागी भिंतीवर पांढरे गोल राहिले होते. तिथं उभी राहून मी एक नाव सांगितलं. ते रेकॉर्ड करायला तिनं पूर्ण वाक्य म्हणायला लावलं, तेही म्हटलं. मग तिनं आणखी एक विचारलं, त्याचं उत्तर दिलं, आणि बाहेर आले.

"सांगितलं ना?" उज्ज्वला म्हणाली.

"सांगितलं."

"पण हे तर रविवारी संध्याकाळी येणार. माणूस चारला. अंगठा कुठनं आणायचा?"

"बघू की."

"आई, बघू की काय? ह्यांना लवकर यायला सांगते मी."

"त्याला काही सांगू नको. प्रशिक्षण चाललंय त्याचं. शिकू दे."

शनिवारी आम्ही सामान हलवलं. टेम्पोवाल्यानं पाटा-वरवंटा चौथ्या मजल्यावर नेताना आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून जिलेबी आणली. नव्या घरात आल्यावर गोड पाहिजे म्हटलं. उज्ज्वलाचं लक्ष जिलेबीत नव्हतं. ती घड्याळ आणि दार, घड्याळ आणि दार, असं करत होती.

चार वाजून गेले तरी माणूस नाही. पाच वाजता आला. दस्तगीर नाव. कमरेला पक्कड, खांद्यावर वायरीचं वेटोळं, हातात मोबाईल. आत आल्या आल्या त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या मालकांच्या फोटोकडं गेली. खिळा अजून ठोकायचा होता, हार मात्र घातलेला होता. फोटोच्या खाली मालकांचं नाव लिहिलेलं आहे, जाण्याच्या तारखेसकट.

त्यानं मोबाईलमध्ये बघितलं. परत फोटोकडं बघितलं.

"शामराव लोंढेंनी शुक्रवारी अर्ज केलाय," तो म्हणाला. "घरात आहेत काय?"

"बाहेर गेलेत," उज्ज्वला म्हणाली. तिच्या तोंडून तेच वाक्य आलं, सवय झाल्यासारखं.

दस्तगीर गंभीरपणानं मान हलवत म्हणाला, "वैनी, आमच्याकडं निम्मं गिऱ्हाईक असंच बाहेर गेलेलं असतंय. लाईन चालू असती म्हणून कुणी सांगत न्हाई." मग मोबाईल वर धरून त्यानं वाचलं, "ते असू दे. कृष्णाबाई शामराव लोंढे कोण?"

उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"मीच," मी म्हणाले.

"मग या की, मावशी. आता मालक तुम्ही."

 उज्ज्वलाच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं, मग ते हळूहळू बदलत गेलं, आणि मग ती मुद्दाम दुसरीकडं वळून एक खोकं सोडायला लागली. हसू दाबताना खांदे हलत होते तिचे.

मंडईतल्या गाळ्यावर बसायची मी, गाळा मालकांच्या नावावर. गॅस त्यांच्या नावावर, खोल्यांचा करार त्यांच्या नावावर. ते गेल्यावर एका सकाळीत हे सगळं प्रदीपच्या नावावर झालं. फ्लॅट तर त्याचाच. पोराचा ह्यात काही दोष नाही. कुणी मला विचारलं असतं तर मीसुद्धा प्रदीपचंच नाव सांगितलं असतं, तोंडातून तेच आलं असतं. पण शुक्रवारी कुणी मला विचारलंच नव्हतं. विचारलं होतं मालकांना. आणि मालकांचं तोंड त्या दिवशी माझ्याकडं होतं. म्हणून त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मी सगळं वाक्य म्हटलं, की मी, शामराव रामू लोंढे, हे कनेक्शन माझी पत्नी कृष्णाबाई हिच्या नावावर करत आहे. मुलगी म्हणाली, "सर, नावबदलाचं कारण काय लिहू?"

मी म्हणाले, "लिहा, राहून गेलं होतं."

तिनं तसंच लिहिलं असेल की नाही, कुणास ठाऊक. पण जरा वेळ तिच्याकडून बटणांचा आवाज आला नव्हता.

दस्तगीरनं पिशवीतून एक लहान मशीन काढलं. मी चष्मा लावला, पदर सावरला आणि पेन मागितलं.

"पेन न्हाई लागत, मावशी. अंगठा."

"सही करते की मी. मला येतंय."

"सही चालत न्हाई आता. अंगठाच लागतोय."

"अरे बाबा," मी म्हटलं, "अंगठ्यावरनं सहीवर यायला माझा सगळा जन्म गेला. आणि मी इथं पोचले तोवर तुम्ही सगळे परत अंगठ्यावर?"

"वरनं नियम आलाय, मावशी. मी काय करू?"

ठेवला अंगठा. मशीनवर लाल दिवा लागला. परत ठेवला. परत लाल. दस्तगीरनं माझा अंगठा उजेडात धरून बघितला.

"ह्याच्यावर रेघाच न्हाईत की. काय काम करत होता?"

"लसूण सोलायची. दहा-दहा किलो."

"मग बरोबर हाय. लसूण खातंय रेघा."

डावा अंगठा. लाल. पदराला पुसून, लाल. उज्ज्वला धावत लिंबू घेऊन आली, मग खोबरेल. माझा हात लोणच्यासारखा झाला, पण मशीन काही ऐकेना. तर्जनी, मधलं, अनामिका, दोन्ही हातांची. लालच लाल.

"माझा अंगठा घ्या," उज्ज्वला म्हणाली.

"नाव ज्याचं, बोट त्याचं, वैनी. आणि आता जास्त न्हाई चालायचं. लई वेळा चुकलं की मशीनच बंद पडतंय. मग मंगळवारशिवाय येणं न्हाई माझं."

मंगळवार म्हटल्यावर उज्ज्वला खुर्चीवर बसली. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. प्रदीप होता. स्टँडवर उतरलोय, रिक्षानं येतोय म्हणाला. तिनं फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "जाऊ दे, आई. तुम्ही केलंत तेवढं केलंत." मला ते शांतपण आवडलं नाही. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी माझे हात बघत बसले. तेलकट, गुळगुळीत, वापरून झालेली बोटं. लसूण सोलताना हात कसा असतो ते आपोआप करून बघितलं. अंगठा, तर्जनी, मधलं, सगळी कामाला. अनामिका टेकू द्यायला. आणि करंगळी? करंगळी मी कायम वर धरायची, तिखट-मिठाचे हात डोळ्याला लागले तर एक बोट तरी कोरडं असावं म्हणून. जन्मभर त्या बोटानं काही केलं नव्हतं. नुसतं बसून खाल्लं होतं.

मी करंगळी वर केली.

दस्तगीर गोंधळला. "मावशी, बाथरूम त्या बाजूला हाय."

"ते न्हवं रे. ही राहिलीय. ही घे."

उज्ज्वला एवढ्या काळजीतसुद्धा फसकन हसली. रात्रीच्या वर्गाची गोष्ट तिला माहीत होती. मी करंगळी स्वच्छ पुसली आणि मशीनवर ठेवली. मशीन जरा घुटमळलं. आम्ही तिघंही श्वास धरून.

हिरवा दिवा लागला.

"झालं!" दस्तगीर म्हणाला. "सगळ्यात आळशी बोट निघालं की कामाचं."

मग त्यानं भराभरा वायर ओढली, वरचं म्हणून मिळालेलं ते राउटर भिंतीला लावलं. चार लहान दिवे लुकलुकायला लागले. उज्ज्वलानं कॉम्प्युटर उघडला, काहीतरी दाबलं, आणि पुण्याच्या कंपनीचं पान समोर उघडलं. ती त्या पानाकडं बघत म्हणाली, "गेली सातारची बाई." मी दस्तगीरला जिलेबी दिली. त्यानं दोन खाल्ल्या आणि जाताना फोटोकडं बघून हात कपाळाला लावून सलाम केला. मी बाकीची जिलेबी ताटलीत काढून फोटोपुढं ठेवली. जरा आपटूनच ठेवली.

प्रदीप आला तेव्हा आम्ही दोघी चहा घेत बसलो होतो. बॅग खाली ठेवतोय तोच त्याच्या मोबाईलवर संदेश आला. घरातला सगळा व्यवहार त्याच्या नंबरावर येतो.

त्यानं वाचलं. परत वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. "प्रिय कृष्णाबाई शामराव लोंढे, आपल्या नव्या पत्त्यावर आपलं स्वागत आहे." त्यानं वर बघितलं. "लाईन चालू झाली? आणि आई, हे तुझ्या नावावर? कुणी केलं?"

"तुझ्या अण्णांनी."

"अण्णांनी? कधी?"

"शुक्रवारी," मी म्हटलं. "दुपारी, जेवण झाल्यावर."

उज्ज्वलाला चहाचा ठसका लागला. ती उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. प्रदीप माझ्याकडं बघत राहिला, मग राउटरकडं, मग फोटोकडं. बँकेत एवढी वर्षं काढलेला माणूस, कुठला प्रश्न आधी विचारावा हे त्याला कळेना. शेवटी त्याला विचारण्यासारखं एकच काही सापडलं.

"आणि अण्णांच्या पुढं ही जिलेबी कशाला? त्यांना भरलं वांगं आवडायचं ना?"

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हटलं. "शुक्रवारीच कळलं."